पाचवे कारण

तुमसर तालुक्याच्या उत्तर अंगाला, मध्य प्रदेशाच्या सीमेजवळ, जेथे धानाच्या बांध्या हळूहळू विरळ होत सातपुड्याच्या पायथ्याच्या टेकड्यांना आणि जंगलाला जाऊन भिडतात, त्या मुलखात नाकाडोंगरी हे गाव आहे. ह्या मुलखाला बिनतारी विद्येशी अगदीच अपरिचित म्हणता येणार नाही. कारण जवळच्या डोंगरी बुजुर्गच्या उघड्या खाणीतून जे मँगनीज डायऑक्साइड निघते ते शुष्क विद्युत्घटांच्या कारखान्यांना लागणारे खनिज असून, ट्रान्झिस्टर रेडिओ ज्या घटांवर बोलत असे त्या घटांच्या पोटात हीच काळी माती असे. आता काळ पालटला. रस्त्यालगतच्या गावांतून दुकानांच्या, पतपेढ्यांच्या आणि दुमजली इमारतींच्या स्लॅबवर लोखंडी नळ उभे राहिले असून त्यांच्या माथ्यावर पांढऱ्या तबकड्या बसल्या आहेत. ह्या तबकड्या ज्या बिनतारी लहरी झेलतात त्या डोळ्याच्या दृष्टीप्रमाणे सरळ रेषेत जातात, मधे टेकडी किंवा मोहाचे दाट झाड आले की क्षीण होतात, आणि म्हणून ज्याला त्या पकडावयाच्या असतात त्याला उंची शोधावी लागते. टेकडीवर स्वतंत्र मनोरा उभारण्याचा खर्च ज्याला परवडत नाही तो बाजारातल्या सर्वांत उंच गच्चीकडे वळतो, आणि तिच्या मालकाशी भाड्याचा करारनामा करून मोकळा होतो.

ह्या खांबांवर आज किती गोष्टी अवलंबून आहेत ह्याचा विचार केला म्हणजे त्यांना केवळ व्यापाराचे साधन मानवत नाही. सातबाऱ्याचा उतारा, रास्त भावाच्या दुकानातील अंगठ्याची नोंद, बँकेचा व्यवहार ही तर नित्याची कामे झाली. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की, पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ‘दामिनी’ नावाची जी सोय मोबाइलवर उपलब्ध करून दिली आहे, तिच्या योगाने आसपास वीज पडण्याचा संभव असल्याची सूचना आधी मिळू शकते. आणि रोवणीच्या दिवसांत चिखलात वाकून पऱ्हे लावणाऱ्या बायांना, ज्यांच्याभोवती मैलभर आडोसा नसतो, ती सूचना वेळेवर मिळणे न मिळणे हा जिवाचा प्रश्न आहे. असा निरोप आणणारा खांब धर्मकार्याचे साधन आहे असे मी निःशंकपणे म्हणेन, आणि नेमक्या ह्याच कारणासाठी तो कसा उभा केला आहे हा प्रश्नही धर्माचा होतो.

वैशाखात, ज्येष्ठात अवकाळी वावटळ येते, गच्चीवरचा एखादा खांब मुळासकट उपटून खाली रस्त्यावर पडतो, किंवा तो बसविताना एखादा तरुण कठड्यावरून कोसळतो. पंचनामा होतो, तलाठी मजकूर लिहून घेतो, आणि जमलेल्या मंडळींतून कोणीतरी वयस्क मनुष्य सुस्कारा टाकून म्हणतो की देवाच्या मनात होते, त्याला आपण काय करणार! हे वाक्य बहुधा दुःखाने, सद्भावनेने उच्चारलेले असते आणि म्हणूनच ते गंभीरपणे घेतले पाहिजे. घडलेली हानी दैवावर सोपविणे ही श्रद्धा आहे काय? की ती श्रद्धेच्या वेषात आलेली दुसरीच एखादी वृत्ती आहे?

आपल्या परंपरेने ह्या प्रश्नाचा विचार फार बारकाईने केलेला आहे. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीला पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, म्हणजे ज्याच्या आधारावर कर्म घडते ते स्थान, कर्ता, करण, म्हणजे साधने, नानाविध चेष्टा, म्हणजे त्या कर्मासाठी कराव्या लागणाऱ्या निरनिराळ्या क्रिया, आणि पाचवे दैव. ह्या पाचव्या पदाचा अर्थ आचार्यांनी एकसारखा केलेला नाही. शंकराचार्यांच्या मते दैव म्हणजे डोळा इत्यादी इंद्रियांवर अनुग्रह करणाऱ्या सूर्यादी देवता होत, आणि ज्ञानदेवांनीही साधारणपणे हीच वाट धरली आहे. रामानुजाचार्यांनी त्या ठिकाणी अंतर्यामी परमात्मा पाहिला. आणि मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या व १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात टिळकांचा रोख असा दिसतो की, मनुष्याच्या प्रयत्नाला सृष्टीतील अनेक व्यापारांची अनुकूलता लागते, आणि त्यांपैकी जे व्यापार आपल्याला अज्ञात असतात त्यांना आपण दैव म्हणतो. अर्थाचे हे भेद लहान नाहीत. तथापि एका बाबतीत सर्वांचे मत सारखेच पडते, ती बाब अशी की दैव हे पाचांपैकी एक आहे आणि गणनेत ते शेवटी आलेले आहे. पहिली चार मोजून झाल्याशिवाय पाचव्यापर्यंत पोहोचण्याचा मार्ग गीतेने ठेवलेलाच नाही.

मग आपण गच्चीवर जाऊन ती चार मोजली पाहिजेत.

अधिष्ठान म्हणजे येथे ती इमारत. सिमेंट-काँक्रीटच्या इमारतीचा भार खांबांवर आणि तुळयांवर असतो. त्यांच्यामधला स्लॅब हा पसरून येणारे ओझे वाहण्यासाठी असतो, एका बिंदूवरची ओढ सोसण्यासाठी नव्हे. आणि गच्चीच्या कडेचा साडेचार इंची विटांचा कठडा तर माणूस खाली पडू नये एवढ्याचसाठी बांधलेला असतो. असे असता खेड्यापाड्यांतून, आणि शहरांतूनही, खांब बसविण्याची सर्वांत प्रचलित रीत कोणती, तर त्याच कठड्याला दोन पट्ट्या आवळून नळ उभा करणे! कारण ते सोपे आहे, तेथे ड्रिलने भोके पाडली तरी खालच्या दुकानदाराच्या छतातून पाणी गळत नाही, आणि अर्ध्या तासात काम उरकते. कठड्याऐवजी स्लॅबलाच बोल्ट मारले तर दुसरा दोष संभवतो: भोकाच्या तोंडाशी डांबर किंवा रसायन नीट भरले नाही तर पहिल्याच पावसाळ्यात पाणी आत मुरते, सळई गंजते, गंजलेली सळई फुगून काँक्रीट फोडते, आणि जो बोल्ट बसविताना पोलादासारखा घट्ट होता तो तीन-चार वर्षांनी भुगा झालेल्या काँक्रीटमध्ये नुसता उभा असतो. जाणते लोक म्हणून खांबाची बैठक इमारतीच्या खांबाच्या किंवा तुळईच्या माथ्यावर घेतात. अथवा भोक न पाडता लोखंडी चौकट पसरून तिच्यावर काँक्रीटचे ठोकळे ठेवतात, आणि मग ते ओझे तो स्लॅब पेलील काय ह्याचाही हिशोब करतात.

आता वाऱ्याचे पाहा. इमारतींवरील भारांविषयीच्या भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर धरलेला आहे. सरासरी पन्नास वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा झोताचा तो वेग होय. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. आणि ह्या वेगाला तो दर चौरस मीटरला शंभर किलोच्याही वर जातो. दोन फूट व्यासाच्या एका तबकडीवर, जी एक मनुष्य काखोटीला मारून जिना चढून जातो, अशा वाऱ्यात सुमारे ४० किलोंचा रेटा येतो. ती तबकडी दहा फूट उंच नळाच्या टोकाला असली आणि तळाचे बोल्ट एकमेकांपासून फूटभर अंतरावर असले, तर तरफेच्या न्यायाने वाऱ्याकडच्या बाजूचे बोल्ट उपटण्याची ओढ ४०० किलोंच्या घरात जाते. नळाच्या स्वतःच्या अंगावर येणारा वारा ह्यात धरलेलाच नाही. तीन दिशांना ताणाच्या तारा दिल्या तर हा भार वाटला जातो. पण त्या तारा सारख्या ताणलेल्या हव्यात, त्यांची दुसरी टोके पुन्हा कठड्यातच अडकविलेली नकोत, आणि दर वर्षी त्या ढिल्या झाल्या आहेत की काय हे कोणीतरी हाताने ओढून पाहिले पाहिजे. हे ज्ञान गूढ नाही. ते छापील आहे, मागितले तर मिळते, आणि शिकलेल्या मिस्त्रीलाही समजते. टिळकांच्या अर्थाने पाहू गेल्यास, ज्या दिवशी हा हिशोब मनुष्याच्या हाती आला त्या दिवशी वारा हा दैवाच्या प्रांतातून उठून बहुतांशी करण आणि चेष्टा ह्यांच्या प्रांतात आला. ज्ञात झालेल्या गोष्टीला अज्ञात म्हणत राहणे ही श्रद्धा नव्हे, ती खोटी साक्ष होय.

दैवाची सीमा अशी सरकते, आणि ती सरकली हे मान्य करण्यास धार्मिक मनाला वेळ लागतो, ह्याचा एक करुण दाखला युरोपच्या इतिहासात आहे. वादळ आले म्हणजे चर्चची घंटा वाजवावी, तिच्या पवित्र नादाने वीज दूर पळते, अशी तेथे शतकानुशतके समजूत होती. गावावर संकट आले की घंटा वाजविणारे लोक भक्तिभावाने मनोऱ्यात जात आणि भिजलेला दोर ओढीत असत, आणि गावातली सर्वांत उंच वस्तू तो मनोराच असल्याने वीज तेथेच उतरत असे. १७८४ साली म्यूनिकमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ग्रंथात, तेहेतीस वर्षांत ३८६ मनोऱ्यांवर वीज पडून १०३ घंटावादक मृत्युमुखी पडल्याची नोंद आहे. फ्रँकलिनने १७५२ च्या सुमारास वीजरोधक सळईची युक्ती सांगितली तेव्हा ईश्वराच्या शस्त्राला अडविणारे आपण कोण असा आक्षेप काहींनी घेतला. पण व्हेनिसच्या संत मार्कच्या ज्या मनोऱ्यावर वारंवार वीज पडत असे त्याच्यावर १७७६ साली ती सळई बसली, आणि पुढे चर्चांनीच ती सर्वत्र स्वीकारली. त्या घंटावादकांची भक्ती खोटी होती असे म्हणण्याचे धाडस मला होत नाही. परंतु १७५२ नंतर जे मेले त्यांच्या मृत्यूचा जाब, सळई ठाऊक असूनही ती न बसविणाऱ्यांना द्यावा लागेल, एवढे खास. आपल्या गच्चीवरच्या खांबाची गोष्ट ह्याहून वेगळी नाही. उंच लोखंड उभे करून त्याला जाड तांब्याच्या किंवा जस्तलेपित पट्टीने जमिनीत अर्थिंग न देणे म्हणजे खालच्या दुकानात बसलेल्या माणसांच्या डोक्यावर वीज उतरण्याचा एक मार्ग बांधून ठेवणे होय.

महाराष्ट्राला ह्या विषयाचा धडा फार महाग पडलेला आहे. १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपरला वादळी वाऱ्यात पेट्रोल पंपावर एक अवाढव्य जाहिरातफलक कोसळला आणि सतरा माणसे प्राणास मुकली. तो सुमारे १२० फूट लांब व तितकाच उंच होता, आणि महापालिकेची कमाल मर्यादा ४० फुटांची होती. नंतर व्हीजेटीआय ह्या संस्थेच्या तज्ज्ञांनी दिलेल्या अहवालाचा जो वृत्तांत प्रसिद्ध झाला त्यानुसार, मुंबईतही जेथे ताशी १५८ किलोमीटरचा वारा गृहीत धरावयास हवा तेथे तो पाया ताशी ४९ किलोमीटरपुरताच होता, आणि त्या दिवशी वारा ८७ चा होता. म्हणजे ज्याला वादळ म्हणून दोष दिला गेला तो वारा, मनुष्याने आधीच मोजून कागदावर लिहून ठेवलेल्या मर्यादेच्या कितीतरी अलीकडेच होता. असे असूनही आरोपीच्या जामीन अर्जात ही ईश्वराची करणी असल्याचा बचाव घेण्यात आल्याचे वृत्तपत्रांतून आले. कायद्यात ह्या बचावाला स्थान आहे आणि तो खरा आहे की खोटा हे ठरविणे न्यायालयाचे काम. पण भाविक मनुष्याला त्यात जे शल्य आहे ते निराळे आहे. ज्या ईश्वराला आपण दयाघन म्हणतो, ज्याच्या नावाने सकाळी डोळे उघडतो, त्याला बोलावून आणून आपल्या अपुऱ्या पायाचा जामीन म्हणून उभे करणे हा त्याच्या नावाचा अवमान आहे, आणि नास्तिकाच्या तोंडून झालेल्या कोणत्याही निंदेपेक्षा तो मला अधिक क्लेशकारक वाटतो.

येथे एक प्रामाणिक आक्षेप निघेल. गीतेने ही पाच कारणे सांगितली ती माणसाच्या डोक्यावर जबाबदारी लादण्यासाठी नव्हेतच. पुढे लगेच असे म्हटले आहे की, हे पाचही असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याची बुद्धी संस्कारलेली नाही. म्हणजे उपदेश निरहंकाराचा आहे. मग त्याच श्लोकांतून कंत्राटदाराचा दोष कसा काढावयाचा? आक्षेप खरा आहे, आणि त्याचे उत्तर मला अभियंत्याच्या हिशोबातच सापडते. जो अभियंता काळजीपूर्वक काम करतो तो वाऱ्याचा मोजलेला भार घेऊन तेवढ्यावरच थांबत नाही. आलेल्या आकड्याला तो पुन्हा दीडपट करतो, आणि पोलादाच्या ताकदीतून काही अंश कमी धरतो. का? कारण त्याला ठाऊक असते की लोखंडात न दिसणारी चीर असू शकते, मिस्त्रीचा हात एखाद्या वेळी चुकू शकतो, आणि पन्नास वर्षांचा वारा उद्याही येऊ शकतो. ती दीडपट म्हणजे आपल्याला न कळलेल्या गोष्टींना त्याने काढून ठेवलेला वाटा. जेवणापूर्वी पानाभोवती चित्राहुती घालणाऱ्याच्या मनात जी जाणीव असते, की हे सर्व केवळ माझे नाही, तीच जाणीव येथे आकड्याच्या रूपाने उतरलेली आहे. उलट कठड्याला नळ आवळून ‘काही होत नाही’ म्हणणारा मनुष्य दैव मानीतच नाही. तो असे धरून चालतो की वारा त्याच्या सोयीने वाहील. अहंकार आहे तो तेथे. निरहंकारी मनुष्य जास्त बोल्ट लावतो.

ह्याहूनही कठोर असे एक वाक्य अशा प्रसंगी ऐकू येते, आणि त्याच्याविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. खाली पडलेल्या मुलाची वेळच भरली होती, त्याचे प्रारब्ध तेवढेच होते, असे ते वाक्य. योगवासिष्ठात वसिष्ठांनी रामाला दैवाविषयी जे सांगितले त्याचे सार असे आहे की, दैव म्हणून निराळी काही वस्तू नाही, पूर्वीच्या पौरुषाचेच ते दुसरे नाव आहे आणि आजचा प्रबळ प्रयत्न कालच्या दुर्बळ प्रयत्नाला जिंकतो. आणि समर्थ रामदासांनी तर महाराष्ट्राला प्रयत्नाचीच दीक्षा दिली. परंतु हे तत्त्वज्ञान बाजूस ठेवले तरी एक साधा विवेक राहतो. प्रारब्धाचा सिद्धांत हा स्वतःच्या वाट्याला आलेले दुःख धैर्याने सोसण्यासाठी आहे. त्या मुलाच्या आईने तो मनाशी धरला तर त्याच्यापुढे आपण मान लववावी. पण ज्याने त्याला सुरक्षापट्ट्याशिवाय कठड्यावर चढविले त्याने तोच सिद्धांत उच्चारला तर तो शब्दशः सारखा असूनही संपूर्ण असत्य होतो. दुसऱ्याच्या दुःखाचे स्पष्टीकरण म्हणून प्रारब्ध वापरण्याचा अधिकार कोणालाही नाही, आणि ज्याच्या हातून ते दुःख घडले त्याला तर मुळीच नाही.

तो मुलगा कोण असतो? तुमसर-भंडाऱ्याकडून मोटारसायकलवर नळ आडवा बांधून आलेला, दिवसाला एखाद-दुसरे काम उरकून रोजी घेणारा, विशीतला एक तरुण. कंपनीने काम मोठ्या कंत्राटदाराला दिलेले, त्याने लहान कंत्राटदाराला, त्याने ह्याला. करारनाम्याच्या कलमाकलमांतून जबाबदारी खाली खाली उतरत येते आणि शेवटी ज्याची कोणत्याच कागदावर सही नाही त्याच्या अंगावर येऊन पडते. ‘कर्ता’ ह्या दुसऱ्या कारणाचा शोध अशा ठिकाणी कठीण होतो हे खरे. मला वाटते, ज्या ज्या हाताने त्या खांबाचा पैसा घेतला तो प्रत्येक हात कर्त्याचाच आहे, आणि त्यात भाडे घेणारा गच्चीचा मालकही आला. खंडेनवमीला हाच मुलगा आपले पान्हे, ड्रिल आणि दोर पुसून त्यांना हळदकुंकू लावतो, फूल वाहतो. ती पूजा मनापासूनची असते. त्याच दिवशी त्या दोराचा प्रत्येक वीतभर भाग उजेडात धरून कोठे तंतू तुटला आहे काय हे पाहिले, झिजलेला पट्टा बाजूला काढला, तर मला वाटते त्या पूजेत काही उणे न येता ती पुरी होईल. करणाचा सत्कार करणे म्हणजे त्याची परीक्षा करणेही आहे.

एक गोष्ट अधिक नमूद करावीशी वाटते. गावोगाव ह्या खांबांविषयी जी तक्रार ऐकू येते ती बहुधा लहरींच्या भीतीची असते. आपल्या सरकारने १ सप्टेंबर २०१२ पासून मोबाइल मनोऱ्यांच्या प्रारणाची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक-दशांश इतकी कडक केली होती हे पुष्कळांना ठाऊक नसते. भीती बाळगावयाचीच असेल तर ती डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीची बाळगावी, म्हणजे नळाच्या बुडाशी पाणी साचून आलेल्या तांबेऱ्याची, लोंबकळणाऱ्या ताणाची, आणि खांब आडवा पडला तर ज्यांच्यावर पडेल त्या जवळच्या वीजतारांची.

म्हणून नाकाडोंगरीच्या आणि तिच्यासारख्या गावांच्या गच्चीमालकांना माझी विनंती आहे. करारनाम्यावर सही करण्यापूर्वी खांब इमारतीच्या कोणत्या खांबावर किंवा तुळईवर बसणार ते विचारा, आणि उत्तर कठडा असे आले तर नकार द्या. वाऱ्याचा हिशोब अभियंत्याच्या सहीने लेखी मागा. अर्थिंगची पट्टी जमिनीपर्यंत जाते की दुसऱ्या मजल्यावरच संपते हे स्वतः खाली उतरून पाहा. वर चढणाऱ्या मुलाच्या अंगावर पुरा पट्टा नसेल तर त्याला चढू देऊ नका. गच्ची तुमची आहे, तो अधिकार तुमचा आहे. आणि दर वर्षी मृग लागण्यापूर्वी, वावटळींचे दिवस सुरू होताच, एक वेळ वर जाऊन बोल्ट पाहा आणि ताण ओढून बघा. नारळ अवश्य फोडा, पण हे सारे पाहून झाल्यावर फोडा.